पिकअप पुढून लेव्हल केल्यावर गाडीची एकूण उंची किती वाढते: मोजणी, हिशोब आणि जोडणीचा क्रम

रिकाम्या पिकअपचा पुढचा भाग मागच्यापेक्षा खाली असतो. पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरवर स्पेसर, म्हणजे जाड चकती, बसवून तो वर आणणं म्हणजे गाडी लेव्हल करणं. त्यासाठीच्या किटच्या खोक्यावर ‘४० मिमी’ छापलेलं असतं, म्हणून गाडी ४० मिमीने उंच झाली असं बरेच जण धरून चालतात. काही जण हातात आलेला स्पेसर मोजतात, तो २२ मिमी भरतो, आणि उंची तेवढीच वाढणार असं मानतात. दोन्ही हिशोब चुकतात. स्पेसरची जाडी, पुढच्या चाकावर मिळणारी उचल आणि टपाची वाढलेली उंची हे तीन वेगळे आकडे आहेत. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी बसणार की तुळईला घासणार, हे तिसऱ्या आकड्यावर ठरतं, आणि तोच सहसा कुणी मोजत नाही.

खालची पद्धत पुढे कॉइल स्प्रिंग आणि डबल विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म), मागे पाटे अशा रचनेच्या पिकअपसाठी आहे. टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस दोन्ही याच रचनेच्या. उदाहरणांत हायलक्सचे आकडे घेतले आहेत: व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३०८५ मिमी, कंपनीने दिलेली उंची १८१५ मिमी. तुमची गाडी वेगळी असेल तर तिचा व्हीलबेस घाला, सूत्र तेच राहतं. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असलेल्या गाडीत स्पेसरऐवजी बारचा बोल्ट फिरवून उचल मिळते, पण टपाचं गणित बदलत नाही.

## टप्पा १: हत्यार उचलण्याआधी

पहिला प्रश्न कायद्याचा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. कलम १८२-ए(४) खाली परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा पुण्यातली एमएच-१२ ची गाडी असेल तर संगम पुलाजवळच्या आरटीओत, एमएच-१४ असेल तर पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयात आधी लेखी विचारा. विमा कंपनीला आणि वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरलाही विचारा. ‘सगळेच करतात’ हे गॅरेजवाल्याचं उत्तर अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरसमोर उपयोगी पडत नाही.

दुसरं, गाडीची अवस्था. पुढचे बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारे सांधे) सैल असतील, लोअर म्हणजे खालच्या आर्मचे रबरी बुश फाटले असतील, मागचा एखादा पाटा बसला असेल किंवा तुटला असेल तर आधी तेच काम करून घ्या. बसलेल्या स्प्रिंगवर घेतलेलं माप चुकीचा स्पेसर विकत घ्यायला लावतं.

तिसरं, मागचा भाग मुळात उंच का आहे हे लक्षात घ्या. हौद्यात माल पडला की पाटे दबतात आणि मागचा भाग खाली येतो. त्यासाठीच रिकामी पिकअप नाकाकडे झुकलेली ठेवतात. रोज मार्केट यार्डातून भरून निघणाऱ्या गाडीला हा झुकाव हवाच असतो. अशी गाडी लेव्हल करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तपासा: नेहमीचा माल भरा आणि मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या, मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मोजा. रिकाम्या गाडीच्या मापातून ते वजा करा. मागचा भाग किती बसतो ते कळेल. हा आकडा टप्पा ४ मध्ये लागणार आहे.

## टप्पा २: मोजायची जागा

इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. पार्किंगच्या कोब्याला पाणी वाहून जावं म्हणून ढाळ दिलेला असतो. १०० ला १ एवढा ढाळ डोळ्यांना दिसतही नाही, पण ३०८५ मिमी व्हीलबेसवर तो ३१ मिमीचा फरक पाडतो. तुम्ही ज्या ४० मिमीच्या मागे आहात त्याच्या तीन चतुर्थांश एवढा हा फरक आहे.

गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या. चारही चाकांच्या जागी नळीतली पाण्याची रेघ जमिनीपासून किती उंचीवर येते ते मोजा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर रेघ खोटी पडते. चारही मापांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर दुसरी जागा शोधा, किंवा सखल बाजूच्या चाकांखाली तेवढ्या जाडीचं प्लायवूड घाला.

जागा पक्की झाली की चाकं कुठे उभी आहेत ते खडूने आखून ठेवा. काम झाल्यावरची मोजणी याच खुणांवर व्हायला हवी.

गाडीची तयारी:

१. चारही टायरांत दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा, तीही टायर थंड असताना.
२. टाकीतलं डिझेल दोन्ही वेळी सारखं. ८० लिटरची टाकी पूर्ण भरली की सुमारे ६७ किलो वजन वाढतं.
३. हौदा रिकामा. हत्यारांची पेटी आणि जादा टायर दोन्ही वेळी एकाच ठिकाणी.
४. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलून हँडब्रेक न लावता उभी करा. जॅकवरून नुकत्याच उतरलेल्या गाडीची चाकं बाहेर फाकलेली नसतात, आत ओढलेली असतात, आणि पुढचा भाग काही मिलिमीटर उंच दिसतो.

## टप्पा ३: तीन प्रकारची मापं

अ) हबपासून मडगार्ड. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत. टायर बदलला किंवा हवा कमी-जास्त झाली तरी हे माप बदलत नाही, म्हणून सस्पेन्शन खरोखर किती उचललं हे तेच सांगतं. डावी-उजवी बाजू स्वतंत्र लिहा. चालकाच्या बाजूला थोडं कमी येणं नेहमीचंच आहे. १० मिमीपेक्षा जास्त फरक आला तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आ) खरा झुकाव. पुढच्या आणि मागच्या मडगार्डमधली पोकळी सारखी दिसली म्हणजे गाडी लेव्हल झाली, हा सर्रास गैरसमज आहे. दोन्ही मडगार्डचे काठ कारखान्यातच वेगळ्या उंचीवर कापलेले असतात. झुकाव दरवाजाखालच्या सरळ पट्टीवर मोजा. पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाची जमिनीपासूनची उंची घ्या, फरकाला दोन टोकांमधल्या अंतराने भागा आणि व्हीलबेसने गुणा. समजा दोन टोकांत १५०० मिमी अंतर आहे आणि उंचीत २७ मिमीचा फरक आला. २७ भागिले १५००, गुणिले ३०८५, म्हणजे सुमारे ५५ मिमी. हा झाला व्हीलबेसभरचा खरा झुकाव.

इ) टपाची उंची. टपावर जाड फडकं टाकून त्यावर सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवा, तिचं टोक बाजूला बाहेर येऊ द्या. पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून ती समतल करा आणि बाहेरच्या टोकावरून ओळंबा सोडून जमिनीपर्यंत मोजा. पट्टी पुढे-मागे सरकवत टपाचा सर्वांत उंच बिंदू शोधा. मग दुसऱ्या बाजूनेही ओळंबा सोडा आणि दोन्ही मापांची सरासरी घ्या. हा बिंदू पुढच्या ॲक्सलपासून किती मागे येतो, तेही लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

अँटेना, कॅरिअर, लाइट बार, हौद्यावरची कॅनॉपी यांची मापं वेगळी घ्या. तुमच्या गाडीचा सर्वांत उंच भाग टप नसेलही.

आत्ताच करा, नंतर जमणार नाही: गाडी सपाट जागेवर भिंतीपासून बरोबर १० मीटरवर उभी करा, लो-बीम लावा आणि भिंतीवर प्रकाशाची वरची कड आखा. हेडलाइटच्या मध्याची उंचीही टिपा. नट सुटल्यावर मूळ स्थिती कळायला मार्ग राहत नाही.

## टप्पा ४: टप किती उचलला जाईल

पुढचा भाग उचलला की मागचा ॲक्सल जागेवरच राहतो आणि सगळी गाडी त्याच्याभोवती किंचित फिरते. म्हणून पुढच्या ॲक्सलवर पूर्ण उचल मिळते, मागच्या ॲक्सलवर शून्य, आणि मध्ये त्या त्या प्रमाणात.

सूत्र: बिंदूची उचल = पुढची उचल × (१ − बिंदूचं पुढच्या ॲक्सलपासूनचं अंतर ÷ व्हीलबेस)

पुढची उचल ४० मिमी आणि टपाचा उंच बिंदू पुढच्या ॲक्सलच्या १३०० मिमी मागे धरला, तर १३०० भागिले ३०८५ म्हणजे ०.४२. एकातून वजा केल्यावर ०.५८ उरतात. टप सुमारे २३ मिमीने वाढतो. १८१५ चे १८३८ होतात, १८५५ नव्हे.

हेच सूत्र बाकीच्या भागांना लावून पाहा. टपाच्या पुढच्या कडेवर, ॲक्सलपासून १००० मिमी मागे लाइट बार असेल तर तो २७ मिमी वर जाईल. मागच्या ॲक्सलच्या वर असलेला कॅनॉपीचा उंच भाग जागचा हलणार नाही, आणि त्याच्याही मागचा भाग किंचित खाली जाईल. पुढच्या बंपरचं उलट आहे. तो ॲक्सलच्या ९०० मिमी पुढे असेल तर जवळपास ५२ मिमी वर जातो. बॉनेटही पूर्ण उचललं जातं, त्यामुळे गाडीच्या अगदी समोरचं लहान मूल किंवा दुचाकी आधीपेक्षा कमी दिसते. पेठांच्या गल्ल्यांतून जाणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यावं.

टायर बदलण्याचा विचार असेल तर त्याचा हिशोब वेगळा करा. २६५/६५ आर१७ टायरचा व्यास सुमारे ७७६ मिमी, २६५/७० आर१७ चा सुमारे ८०३ मिमी. व्यास २७ मिमीने वाढला, पण ॲक्सल त्याच्या निम्म्याने, म्हणजे १३ मिमीने उचलला जातो. आणि ही वाढ चारही चाकांवर असल्याने टपावर पूर्णच येते. लेव्हलिंग आणि मोठे टायर एकत्र केले तर १८१५ ची गाडी १८५१ च्या आसपास जाते.

उचल किती घ्यायची? ५५ मिमीचा झुकाव पूर्ण मोडू नका. १५ मिमी शिल्लक ठेवा, ४० मिमी उचला. नेहमीच्या मालाने तुमच्या गाडीचा मागचा भाग ३० मिमी बसत असेल, तर १५ मिमी शिल्लक असूनही ती माल भरल्यावर नाक वर करून चालेल. खंबाटकी किंवा ताम्हिणी घाटात अशा गाडीचं स्टिअरिंग हलकं पडतं आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो. अशा वेळी उचल २५ मिमीवर आणा.

## टप्पा ५: किट निवडताना

शॉकच्या माथ्यावर बसणारा स्पेसर आणि चाकाची उचल सारखी नसते. शॉकचं खालचं टोक लोअर आर्मच्या साधारण मध्यावर जोडलेलं असतं. त्यामुळे तिथे १ मिमी ढकललं की आर्मच्या टोकाला, म्हणजे चाकाला, १.६ ते २ मिमी हालचाल मिळते. म्हणून ४० मिमीच्या किटमधला स्पेसर २०-२५ मिमी जाडीचाच असतो. नाना पेठेत स्पेसर पाहताना ‘४० मिमी’ हा आकडा जाडीचा आहे की चाकावरच्या उचलीचा, हे स्पष्ट विचारा. जाडीच ४० मिमी असेल तर उचल ६५ ते ८० मिमी होईल आणि सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा), त्यावरचं रबरी बूट, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट सगळ्यांचं आयुष्य संपेल. मूळ वरचे आर्म ठेवून ५० मिमीच्या पुढे जाऊ नका.

टाळा: लेथवर बनवून घेतलेले, बोल्टची लांबी न पाहता जोडलेले स्पेसर. नट पूर्ण बसून बोल्टचे किमान दोन आटे बाहेर दिसायला हवेत. मागचे पाटे किंवा ब्लॉक काढून गाडी ‘लेव्हल’ करणंही टाळा. एकूण उंची कमी होते हे खरं, पण माल वाहण्याची ताकदही जाते, आणि मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (मालाच्या वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल तर तो चुकीचं वजन वाचतो. फक्त पुढून उचलताना त्या व्हॉल्व्हला हात लागत नाही.

## टप्पा ६: जोडणीचा क्रम

१. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा.
२. चॅसिसखाली जॅक लावून गाडी उचला, दोन्ही बाजूंना जॅकस्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊ नका.
३. चाकं काढा. स्टॅबिलायझर बारच्या (डावा-उजवा आर्म जोडणाऱ्या दांड्याच्या) लिंक दोन्ही बाजूंनी सोडा. एकच सोडली तर बार दुसऱ्या बाजूने आर्म ओढून धरतो आणि पुढे सगळं ताणूनच बसवावं लागतं.
४. ब्रेक होज आणि एबीएसच्या वायरचे क्लॅम्प सोडा. ब्रेक कॅलिपर कधीही होजवर लटकत ठेवू नका.
५. लोअर आर्मखाली छोटा जॅक ठेवा. वरचा बॉल जॉइंट आणि शॉकचा खालचा बोल्ट काढा, मग माथ्याचे कडेचे नट.

धोका: माथ्याच्या मधोमध असलेला मोठा नट सोडू नका. त्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे. तो सुटला तर स्प्रिंग उडून जीव जाऊ शकतो. माथ्यावर बसणाऱ्या स्पेसरसाठी तो सोडण्याची गरजच नाही. स्प्रिंगच्या आत बसणारं किट असेल तर ते काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या वर्कशॉपमध्येच करा.

६. स्पेसर बसवा. काही स्पेसरना दिशा असते, बाणाची खूण पाहा. शॉक परत चढवा, खालच्या छोट्या जॅकने आर्म वर आणत बॉल जॉइंट बसवा, नव्या पिना घाला.
७. रबर बुश असलेले बोल्ट, म्हणजे शॉकचा खालचा आणि सोडले असतील तर आर्मचे, आत्ता फक्त हाताने आवळा.
८. आर्म अजून लटकताहेत तेवढ्यात स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ब्रेक होज, एबीएसची वायर, सीव्ही बूट कुठेही ताणले जाऊ नयेत. वरचा आर्म स्प्रिंगला टेकत असेल तर उचल जास्त झाली आहे.
९. चाकं लावा, गाडी खाली घ्या, काही मीटर पुढे-मागे चालवा. आता गाडीचं वजन चाकांवर असताना ते बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचने आवळा.

सातव्या आणि नवव्या पायरीमधलं अंतर पाळलं नाही की त्रास सुरू होतो. चाक लटकत असताना आवळलेलं रबर गाडी खाली येताच पिळलं जातं. मग पुढचा भाग काही मिलिमीटर जास्त उंच दिसतो, माप खोटं येतं, आणि काही महिन्यांत बुश फाटतं.

## टप्पा ७: अलाइनमेंट आणि हेडलाइट

अलाइनमेंट त्याच दिवशी करा. आर्मचा कोन बदलल्याने टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळली आहेत), कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) तिन्ही सरकतात. टो चुकला की पुढचे टायर कडेने झिजतात. फक्त टो दुरुस्त करून सोडू नका, तिन्ही आकड्यांचा छापील कागद मागा.

हेडलाइटकडे होणारं दुर्लक्ष सर्वांत धोक्याचं आहे. ३०८५ मिमीवर ४० मिमी म्हणजे १.३ टक्के कोन. १० मीटरवर प्रकाशाची कड त्यामुळे १३० मिमी वर सरकते. लो-बीमचा उतारच जेमतेम १ टक्का असतो, म्हणजे तो पूर्ण पुसला जातो. आधी दिवा ९५० मिमीवर आणि कड ८५० वर असेल, तर लेव्हलिंगनंतर दिवा सुमारे ९९६ वर आणि कड १०२६ वर जाईल. कड दिव्याच्या वर गेली, की समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काहीच दिसत नाही.

गाडी भिंतीपासून पुन्हा १० मीटरवर उभी करा. दिवा आणि कड यांतला उतार आधीएवढाच, इथे १०० मिमी, येईपर्यंत दिव्याचा स्क्रू फिरवा. डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं चाक शून्यावर ठेवूनच हे करा. ते चाक माल भरल्यावर लागणार आहे.

## टप्पा ८: नवी उंची आणि बेसमेंट

खडूच्या खुणांवर गाडी पुन्हा उभी करा आणि टप्पा ३ ची सगळी मापं घ्या. टपाची वाढ हिशोबापेक्षा ५ मिमीपेक्षा जास्त वेगळी आली तर आधी हबपासून मडगार्डचं माप पाहा. तिथे वाढ ४० आहे का?

लेव्हलिंगसाठी नेहमीच्या मालाचा विचार करायचा, पण एकूण उंची रिकाम्या गाडीची धरायची. रिकामी गाडी सर्वांत उंच असते. मागचा भाग ५० मिमी बसला की टप सुमारे २१ मिमी खाली येतो, म्हणून भरलेली गाडी आत शिरते आणि माल उतरवल्यावर तीच बाहेर पडताना अडते.

बेसमेंटच्या तोंडावरचा उंचीच्या मर्यादेचा बोर्ड सपाट फरशीसाठी असतो. उतार संपून फरशी सुरू होते तिथे पुढची चाकं फरशीवर आणि मागची अजून उतारावर असतात, त्यामुळे केबिन त्या सांध्याच्या वर उचललेली राहते. ८ ला १ उतार आणि ३०८५ मिमी व्हीलबेस असेल तर टपाचा उंच बिंदू सांध्याच्या वर आल्यावर तो सुमारे ९४ मिमी जास्त उंच जातो. लेव्हलिंगच्या २३ मिमीच्या चौपट. तुळई नेमकी तिथेच असेल तर बोर्डावरचा आकडा फसवतो. म्हणून नवी उंची आणि बोर्ड यांत किमान १५० मिमी अंतर ठेवा. कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांत तुळईखालून जाणारे स्प्रिंकलरचे पाइप आणि ड्रेनेजच्या लाइनी टेपने मोजा, बोर्ड लावणाऱ्याने त्या मोजल्या असतीलच असं नाही. यांत्रिक पार्किंगच्या पॅलेटसाठी मात्र उंचीसोबत वजनाची मर्यादाही पाहा, पिकअप बहुधा तिथेच बाद होते.

नवा आकडा मिलिमीटर आणि फूट-इंच दोन्हींत लिहून चालकाच्या सन व्हायजरवर चिकटवा. २०० ते ३०० किलोमीटर चालल्यावर सर्व बोल्टचा टॉर्क आणि हबपासून मडगार्डची मापं पुन्हा तपासा. टायर, कॅरिअर किंवा कॅनॉपी बदलली की टपाची उंची नव्याने मोजा आणि जुना स्टिकर काढून टाका.